तोडीचे दहा, छाटणीचे दोन

गुळ्याला कामावर ठेवलं तेव्हा मालकीणबाईंना स्वतःच्या हुशारीचं कोण कौतुक वाटलं होतं! झाडांची निगा राखणारी कंपनी. चार चढणारे, एक ट्रक, आणि गिऱ्हाइकाशी धड बोलेल असा माणूस एकही नाही. मामा, म्हणजे बाईंच्या आईचा सख्खा भाऊ, तीस वर्षं झाडांवर काढलेला. पण कुणी विचारलं, "हे झाड काढावं का हो?" की "कशाला? बरं आहे की," म्हणून मोकळा. असल्या खरेपणावर कुणाचे पगार निघत नाहीत.

म्हणून विक्रीला हा गुळ्या ठेवला. पगार बेताचा, बाकी कमिशन. छाटणीच्या कामावर दोन टक्के, अख्खं झाड तोडायचं असेल तर दहा, कारण तोडीत नफा जास्त. भांडणं नकोत म्हणून नियमही घालून दिला: तपासायचं विकणाऱ्याने, कापायचं चढणाऱ्याने, कुणी कुणाच्या कामात नाक खुपसायचं नाही. तीन महिन्यांत सतरा झाडं आडवी झाली. बाईंनी सगळ्यांसमोर गुळ्याची पाठ थोपटली. मामा दोर गुंडाळत बसला होता, त्याने वर पाहिलं नाही.

अठरावं झाड निवृत्त मास्तरांच्या अंगणातलं. गुळ्याच्या अहवालात लिहिलं होतं, 'आतून पोकळ, वाऱ्यात घरावर पडेल.' बाई त्या दिवशी सहज कामावर गेल्या आणि झाड पडल्यावर बुंध्यापाशी वाकल्या. सालीपासून गाभ्यापर्यंत लाकूड स्वच्छ, ओलं, घट्ट. कीड मोहरीएवढीसुद्धा नाही.

त्या तडक ऑफिसात आल्या आणि गुळ्यासमोरच त्याची बॅग टेबलावर उपडी केली. पत्र्याचा एक डबा घरंगळला. झाकण उघडताच असा भपकारा आला की बाईंनी पदर नाकाला लावला. आत काळा, कुजका, चिकट भुसा आणि त्यात वळवळणाऱ्या लठ्ठ पांढऱ्या अळ्या. हेच तो चिमटीत धरून दाखवायचा, "बघा काका, तुमच्या झाडातून निघालं."

"अळ्या मरतात हो," गुळ्या म्हणाला. "दर सोमवारी नव्या भराव्या लागतात."

बाईंनी डबा दूर ढकलला. "शी! लाज नाही वाटत तुला?"

"ताई, दोन आणि दहा हे आकडे तुमचेच ना? दोन टक्क्यांत माझं घरभाडंही सुटत नाही. तुम्हाला जे हवं होतं तेच आणून दिलं."

"चालता हो! पुन्हा तोंड दाखवू नकोस."

तो गेल्यावर त्या दारात उभ्या असलेल्या मामाकडे वळल्या. "तुला दिसत नव्हतं?"

"पहिल्याच झाडाला दिसलं."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"नाक खुपसू नका म्हणालीस ना," मामा खाली बघत म्हणाला. "आणि खोटं कशाला बोलू, रोज काम मिळत होतं."

बाईंना त्याचीही शिसारी आली.

संध्याकाळी त्या मास्तरांकडे गेल्या. मास्तरांनी खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. "बरं झालं, वेळेवर सांगितलंत. नाहीतर आमच्या डोक्यावरच पडलं असतं. शेजारच्या तिघांनाही तुमचंच नाव सांगितलंय."

खरं सांगितलं की कंपनी बुडालीच. अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. झाड तर पडलंच आहे, आता बोलून ते उभं राहणार आहे थोडंच? बाईंनी आभार मानायला तोंड उघडलंसुद्धा, आणि आपण काय करतोय ते कळून त्यांना स्वतःचीच किळस आली. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं: डबा, अळ्या, दोन टक्के, दहा टक्के, आधीची सतरा झाडं.

मास्तरांनी अंगणाकडे पाहिलं. तिथे आता नुसतं उतरतं ऊन होतं.

"त्या पोराला काढून टाकलं म्हणता?"

"हो. तिथल्या तिथे."

"बरं केलंत," मास्तर म्हणाले. "आणि तुम्हाला कोण काढणार?"