आठहात्याची पकड

"तुह्या राक्षसानं नुसतं मारलं का पकड आपोआप बसते, अन् मले मारायले येगळा आकडा, पकडायले येगळा? हा कोणता कायदा होय बे?"

हे म्हणताना नयननं हात असा आपटला का चिवड्याची प्लेट सलीलच्या जाड्या इंग्रजी पुस्तकावर उलटली. सलीलनं त्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले अन् थंडपणे सांगतलं का पुस्तकात तसंच लिहेल हाय. आठहात्याचे हात पकडीसाठीच बनले, तुहे नाही.

दर रविवारी दुपारी, वणीत सलीलच्या गच्चीवरल्या खोलीत हा खेळ चाले. सलील गोष्ट सांगे अन् राक्षसाकडून खेळे. बाकीचे आपापला एक माणूस कागदावर बनवून त्याच्याकडून लढत. डाव जमला का फसला, ते आकडा ठरवे. वीस बाजूंचा फासा दिवाळीतच नालीत गेलता, तवापासून सलीलच्या आईच्या हाऊजीतल्या एक ते वीस सोंगट्या थैलीत टाकून काढत. आज थैली अश्वजितकडे होती, पहिल्यांदाच.

नयननं नववीतून शाळा सोडली. आठवडाभर तो उत्तमसिंगच्या ट्रकवर क्लीनर. रविवारी मात्र तो लोखंड्या पैलवान, दोन वर्षांपासून, एकदाबी न मेलेला. मेला का सलील त्याचा कागद फाडणार, हा पहिल्या दिवसापासूनचा करार. अन् आज लोखंड्या पाण्यानं भरलेल्या खदानीत आठहात्याच्या मुठीत होता. त्यानं अजून एकदा आवळलं का कागदाचे दोन तुकडे. त्यात चार वाजता ट्रक चंद्रपूरले निघणार.

नयन म्हणे, मंग मीच त्याले पकडतो. सलील म्हणे, आपल्याहून दोन मापं मोठ्याले पकडता येत नाही. इथं नयनचं टाळकं सटकलं. बाभुळगावची त्याची पंचफुला आत्या बैलाच्या खांद्यालेबी पुरत नाही, पण तिनं वेसण धरली का तो धटिंगण बैल गुमान मागं मागं. कोणत्या मापात बसवतं तुहं पुस्तक तिले?

"आठहात्याले नाक नाही," सलील म्हणाला.

समीक्षा, म्हणजे खेळातली जादूगारीण, एवढी हसली का तिले ठसकाच लागला.

मंग सुटायचं कसं? पुस्तक म्हणे, आपली पाळी खर्च करा अन् सोळा नाहीतर वरचा आकडा काढा. नयन थैलीकडे वळला, अन् हात तिथंच थांबला.

अश्वजितच्या मांडीवर हाऊजीची पाटी होती. भोकाभोकात सोंगट्या बसवलेल्या, किराण्यात बरण्या मांडाव्या तशा. मावशीच्या भिशीत हाऊजी पुकारून या पठ्ठ्याचा हात बसलेला. हाऊजीत निघालेली सोंगटी परत थैलीत जात नाही. इथं ती दर वेळी जायले पाह्यजे होती. सोळापासून वीसपर्यंत सारे आकडे आठहात्यानंच खाल्ले होते. एक ते वीसमधली भोकं रिकामी होती तीनच: तीन, चार अन् आठ.

म्हणजे थैलीत सोळा उरलाच नव्हता.

अश्वजितले शिवी हासडायले नयननं तोंड उघडलं, अन् बंद केलं. पोटातून हसू वर येऊन राह्यलं होतं, ते कसंबसं दाबून त्यानं समीक्षाले पकडीचं पूर्ण पान मराठीत वाचून दाखवायले लावलं. शेवटच्या ओळीत होतं, पकडलेला माणूस हाताच्या टप्प्याबाहेर फेकला गेला तर पकड आपोआप सुटते.

"मंग तुही वावटळ माह्यावर सोड."

समीक्षानं समजावलं का वावटळ कोणालेबी दूर फेकते, पण ज्याले बारा नाहीतर जास्त निघाले, तो जागचा हालत नाही. तू तर पैलवान, हालणारच नाहीस. तिची पाळी फुकट जाईल, अन् मंग आठहात्या आवळलच.

"नाही निघत बारा," नयन म्हणाला. "सोड तू."

तिनं वावटळ सोडली. नयननं डोळे मिटून सोंगटी काढली. चार.

लोखंड्या खदानीतून जो उडाला, तो थेट काठावरल्या कोळशाच्या ढिगावर. समीक्षा पलंगावर चढून नाचू लागली. अश्वजितबी उठला, अन् मांडीवरली पाटी उलटली. साऱ्या खोलीभर सोंगट्याच सोंगट्या.

खाली ट्रकचा हॉर्न वाजला.

सलीलनं सोंगट्यांकडे पाह्यलं. मंग नयनकडे.

"थांब. थैली दाखव."

नयननं लोखंड्याचा कागद घडी करून खिशात घातला होता, एक चप्पलबी पायात होती.

"दाखवली असती गड्या, पण गाडी लागली. मले आता निघा लागते."