दुसरा पंप

ताईने निरोप धाडला तोही अट घालून. "या, पण दोघं एकत्र या. वेगवेगळे आलात तर मी भिंतीकडे तोंड करून पडेन." भाचीने फोनवर तो शब्द न शब्द सांगितला आणि मग आवाज खाली आणून आपलं म्हणून जोडलं, "मामा, डॉक्टर दोन-तीन दिवस म्हणताहेत. आज ती नीट बोलतेय. उद्या दुपारपर्यंत पोचा. त्यानंतरचं मी काही सांगू शकत नाही."

बारकू फोन हातात धरून बराच वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. वय अठ्ठावन्न, छापखान्यात बाइंडिंगची सगळी जबाबदारी त्याच्यावर, हाताखाली चौदा माणसं. पण तीन भावंडांत शेवटचा, म्हणून घरात तो बारकूच राहिला. त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा दादा, आणि दादाच्याही वर ताई. दादा याच शहरात, बसने पंधरा मिनिटांवर राहायचा, आणि दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. जे काही बोलायचं ते ताईमार्फत. तिने उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात काढली होती. "निवृत्त झाले तरी माझी ड्यूटी काही संपत नाही," असं म्हणत ती एकाचं दुसऱ्याला कळवायची. शिव्या मात्र मधल्या मध्ये गाळून टाकायची.

पुलाच्या कामामुळे रेल्वे बंद होती, आणि बस पोचायची संध्याकाळी. राहिली दादाची मोटरसायकल. बारकूच्या बायकोनेच दादाला फोन लावला. पलीकडून एवढंच उत्तर आलं, "साडेसहाला खाली उभा राहा म्हणावं."

साडेसहाला दादा आला. गाडी ठाऊकच होती. लांब पल्ल्याची, जडशीळ, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या. तिच्यावर बसून दादाने बारा-पंधरा वर्षं डोंगर, किनारे, वाळवंटं पालथी घातली होती. लग्न केलं नाही, संसार काय तो हाच. नोकरी वजनमापं तपासण्याची होती. दुकानादुकानांतून फिरून लोकांचे खोटे तराजू पकडायचे. आणि त्याच्या स्वतःच्या गाडीचा पेट्रोलचा काटा मात्र खोटारडा. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट मध्येच अडकायचा, मग टाकी रिकामी झाली तरी काटा अर्ध्यावर ठाण मांडून बसायचा. इशाऱ्याचा लाल दिवाही त्याच फ्लोटच्या जिवावर, त्यामुळे तोही आंधळा.

त्याच काट्यापायी नऊ वर्षांपूर्वी सगळं बिनसलं होतं. आई तेव्हा दादाकडे असायची. तो चार दिवसांसाठी बाहेर पडला होता आणि चौथ्या संध्याकाळपर्यंत शेजारीण आईकडे बघणार होती. त्या संध्याकाळी काटा अर्ध्यावर असताना गाडी जंगलात बंद पडली. दादा पोचला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. आई न्हाणीघरात पडलेली होती, रात्रभर. ती वाचली नाही. दवाखान्याच्या पायरीवर बारकू त्याला म्हणाला होता, "गाडी बंद पडली म्हणे! आईला मारायला चांगलं निमित्त सापडलं तुला." दादा त्यावर एवढंच म्हणाला, "तू याच गावात होतास." त्यानंतर दोघांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

बारकू मागे बसला. हात कुठे ठेवायचे ते कळेना. भावाच्या कमरेला धरणं जिवावर आलं होतं, म्हणून मागच्या लोखंडी दांडीला धरलं. बसता बसता टाकीवर चिकटवलेली पांढरी पट्टी दिसली. तिच्यावर दादाच्या चौकोनी अक्षरात लिहिलं होतं : तीनशेला भरणे. म्हणजे दादाने काट्याचा नाद सोडला होता तर. टाकी भरली की किलोमीटरचा छोटा आकडा शून्यावर आणायचा आणि तीनशे झाले की पुन्हा भरायची, काटा काहीही म्हणो. आत्ता आकडा एकशेनव्वदवर होता.

शहर मागे पडलं. गोदामं गेली, विटांच्या भट्ट्या गेल्या. हवेत गारठा होता आणि बारकूचे गुडघे कुरकुरायला लागले होते. त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं : ताई काय करेल? दोघांना पलंगाच्या दोन बाजूंना उभं करेल, हातात हात द्यायला लावेल, म्हणेल की आता माझ्यादेखत बोला. आणि मरणाऱ्या बहिणीला नाही कसं म्हणायचं? आपण चुकलो असं दादापुढे म्हणायचं? की त्याचं "चुकलो" ऐकून घ्यायचं? दोन्हींपैकी काय जास्त जड जाईल, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

पहिला पंप आला तेव्हा आकडा दोनशे अठ्ठेचाळीस होता. दादा पुढे निघून गेला. ठीक आहे, अजून बावन्न आहेत, बारकूने मनात हिशेब केला.

दुसरा पंप वळणानंतर होता. चांगला मोठा, हिरव्या छपराचा, समोर दोन ट्रक लागलेले. त्याच्याआधी रस्त्याकडेला पाटी होती, की यापुढचा पंप ऐंशी किलोमीटरवर. बारकूने पाटी वाचली. दादाच्या खांद्यावरून आकडाही वाचला : दोनशे सत्त्याऐंशी. दादाने वेग कमी केला, अगदी माणूस थांबणार असं वाटावं इतका. बारकूने तोंड उघडलं. "थांब" एवढा एक शब्द, नऊ वर्षांनंतरचा पहिला. तो घशापर्यंत आला आणि तिथेच बसला. दादाचं हेल्मेट किंचित पंपाकडे वळलं, पुन्हा समोर झालं, आणि गाडीने वेग घेतला.

तीनशे झाले. तीनशे दहा. बारकू त्या आकड्याकडे बघत राहिला. काटा अर्ध्यावर होता.

तीनशे एकतीसला गाडीने दोन आचके दिले आणि माळावर बंद पडली. सव्वानऊ वाजले होते. दोन्ही बाजूंना खुरटं गवत, तारेचं कुंपण, लांबवर विजेचे खांब. फोनला रेंज नाही. दादाने टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं, गाडी दोन्ही बाजूंना हलवून पाहिली, आणि म्हणाला, "संपलं."

नऊ वर्षांत त्याच्या तोंडून बारकूने ऐकलेला पहिला शब्द हा.

दोघांनी मिळून गाडी थोडी ढकलली. चढ लागला तशी सोडून दिली. दादा एका पेटीवर टेकला, बारकू मैलाच्या दगडावर. एक कार आली, हात केला, थांबली नाही. मग दहाच्या सुमारास मागून एक पिकअप आली, मागे लाकडी पेट्या रचलेल्या आणि वर जाळी घातलेली. मधमाश्या पाळणारा होता, माश्या घेऊन फुलोऱ्याच्या भागाकडे निघालेला. शेजारी बायको बसली होती, तिच्या मांडीवर पाण्याचा डबा.

"काय झालं, काका?"

"पेट्रोल संपलं," दादा म्हणाला. "काटा खराब आहे."

"अहो, पण मागे पंप लागला होता की! एवढा मोठा. दिसला नाही?"

दादाने बुटाच्या टोकाने खडी उकरली. बारकूने कुंपणाकडे पाहिलं. मधवाल्याने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

"माझी डिझेलची गाडी, तुम्हाला काय कामाची? कुठे निघालात?"

बारकूने दवाखान्याचं सांगितलं. बहीण आहे म्हणाला, शेवटचं आहे म्हणाला. मधवाल्याची बायको लगेच सरकून बसली. "मग एक जण चला की. दाटीवाटीने बसू. आम्ही त्याच गावावरून जाणार. साडेबारापर्यंत तुम्हाला दवाखान्याच्या दारात सोडतो."

बारकूने दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "तू जा."

एवढं सोपं होतं. पाय उचलायचा आणि आत बसायचं. ताई शुद्धीवर होती, वाट बघत होती. बारकूने दाराच्या कडेवर हातसुद्धा ठेवला. आणि मग आपल्याच तोंडून त्याने ऐकलं, "नको. तिने दोघांना एकत्र यायला सांगितलंय. एकटं गेलेलं तिला चालायचं नाही."

"अहो काका, अशा वेळी कसल्या अटी?" ती बाई म्हणाली.

"तुम्हाला ती माहीत नाही," बारकू म्हणाला, आणि हसायचा प्रयत्न केला.

मधवाल्याने भाचीचा नंबर लिहून घेतला, रेंज आली की कळवतो म्हणाला. पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, तिथल्या लोकांना पेट्रोल पाठवायला सांगतो म्हणाला. गाडी निघाली. माश्यांची गुणगुण लांब जात ऐकू येईनाशी झाली.

त्यानंतर साडेतीन तास दोघं माळावर होते. ऊन वर चढलं. पाण्याची एकच बाटली होती. दादाने अर्धी पिऊन दगडावर ठेवली, बारकूने उरलेली संपवली. बाराच्या पुढे कधीतरी दादा पाठमोराच म्हणाला, "तू पंपाशी काही बोलला नाहीस."

"तू थांबला नाहीस."

"मला वाटलं, तू म्हणशील."

"मला वाटलं, तू थांबशील. तूच पट्टी चिकटवलीयेस तीनशेची."

दादाने मान हलवली. मग तो म्हणाला, "त्या वेळी खरंच काटा होता, बारकू. आईच्या वेळी. मला माहीत नव्हतं तेव्हा."

"आणि आज?"

दादा हेल्मेट मांडीवर घेऊन त्याच्या काचेवरचे चिलटांचे डाग नखाने खरवडत राहिला. बारकूला वाटलं, आता आपण बोलावं. त्या वेळी मी याच गावात होतो, चार दिवसांत एकदाही आईकडे डोकावलो नाही. शेजारीण आहे म्हणून गाफील राहिलो. वाक्य तयार होतं, कित्येक वर्षं तयार होतं. पण ते ताईच्या पलंगाशी म्हणायचं होतं ना, आणि तिथून तर आपण पळतोय, असं मनात आलं आणि तो रिकाम्या बाटलीला झाकण लावत बसला.

पावणेदोनला रस्त्याच्या कामावरची जीप आली. पाच लिटरचा कॅन मिळाला. पुढच्या पंपावर टाकी भरली. दादाने सवयीने आकडा शून्यावर आणला. दवाखान्यात पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते.

भाची जिन्यातच भेटली. दोघांना बघून तिने आधी डोळे पुसले, मग म्हणाली, "एकपर्यंत जागी होती. तुमच्यासाठी केस विंचरून घेतले, उशा लावून बसली. आता उठवून उठत नाही."

आत ताई होती. नाकाला नळी लावलेली, तोंड थोडं उघडं, केसांना खरंच नीट भांग पाडलेला. दादा एका बाजूला उभा राहिला, बारकू दुसऱ्या. तिने ठरवलं असतं तसेच. हाका मारल्या. बारकूने तिचा हात हातात घेतला, तो कोमट होता. नर्स येऊन सलाईन बघून गेली.

"त्या मधवाल्यांचा फोन आला होता सव्वाअकराला," भाची म्हणाली. "आईला सांगितलं, दोघं वाटेत अडकलेत, माळावर. तर तिला बरंच वाटलं. म्हणाली, चला, आता झक मारत बोलतील."

दादा खोलीबाहेर गेला. कॉरिडॉरच्या टोकाला नळ होता. तो सोडल्याचा आवाज आला आणि खूप वेळ येत राहिला.

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेली. डोळे उघडले नाहीत. पुढचं सगळं दोघांनी खांद्याला खांदा लावून केलं : कागद, सह्या, गाडी, लोकांना कळवणं. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय एकीने वागताहेत भाऊ! बोलणंही झालं, लागेल तेवढं. पेन दे. किती वाजले. तू जेव, मी बसतो. दादाच्या अंगावर ओरडावं असं बारकूला आता वाटत नव्हतं, आणि दादाही त्याची नजर टाळत नव्हता. नऊ वर्षं दोघांनी जो राग जपला होता तो कुठल्या कुठे गेला होता, आणि त्याच्या जागी काहीच आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दादा पहाटेच निघून गेला. जाताना बारकूच्या उशाशी उभा राहिला होता, हे बारकूला कळलं होतं. त्याने डोळे मिटून घेतले होते. त्याची स्वतःची बस अकराची होती. भाची गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होती, तो मदतीला गेला. ताईच्या अंथरुणातल्याच होत्या, निळ्या काठाच्या.

एका चादरीची दोन टोकं त्याच्या हातात देत भाची म्हणाली, "मामा, एक विचारू? ते मधवाले म्हणत होते, एकाला आम्ही घेऊन जातो म्हणालो होतो. साडेबारापर्यंत पोचवलं असतं म्हणे."

"हो," बारकू म्हणाला.

"आणि तुम्ही नाही म्हणालात?"

"हो. मीच म्हणालो. दादा जा म्हणत होता."

भाचीने चादर ताणली, मधून दुमडली. वारा होता, कापड दोघांच्या मध्ये फडफडत होतं. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं बारकूला वाटलं.

"ते मी आईला सांगितलं नाही," ती म्हणाली. मग त्याच्या हातातली टोकं काढून घेतली आणि पुढची चादर एकटीनेच, छातीशी धरून, घडी घालायला लागली.

बारकूने खाली जाऊन पिशवी उचलली आणि बसला अजून दीड तास होता तरी स्टँडकडे निघाला.