सीलबंद लिफाफ्यातले बारा शब्द

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर पांढऱ्या सुटातला कवचगुरू एक सीलबंद लिफाफा कपाळाला लावून उभा होता.

"तुमचा तिसरा शब्द..." त्याने डोळे मिटले. "लेमन!"

पहिल्या रांगेतली औषधांच्या दुकानातली बाई किंचाळलीच, "अगदी बरोबर! नवऱ्यालाही सांगितला नव्हता हो!"

लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

क्रिप्टोची चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते ज्याच्या हाती, नाणी त्याची. ते ठेवायचे कुठे, या धास्तीवर गुरूचं दुकान चालायचं. त्याच्याच लिफाफ्यात शब्द घाला, त्याच्या काचेच्या पीठावर 'कवचजला'ने पुसून घ्या, मग कुठल्याही हॅकरची छाती होणार नाही!

"फक्त पेन्सिलीने लिहा," तो बजावायचा. "शाईत लहरी अडकतात. आणि घडी एकच घाला. जास्त घड्यांनी शक्ती गुदमरते."

पाचव्या रांगेत एक बाई दात आवळून बसली होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती काम करायची. सगळे तिला ताईच म्हणत. शेजारी तिचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याने नऊ वर्षांत जमवलेली नाणी कवच मिळाल्यावर महिन्याभरात गायब झाली होती. विचारायला आला, तर याच माइकवरून गुरू म्हणाला होता, "याच्या मनात पाप आहे. पाप्याला कवच सोडून जातं." लोक फिदीफिदी हसले होते. तेव्हापासून भावाने काम सोडलं होतं. जेवतानाही मान वर करत नव्हता. गेलेला पैसा ताईने गिळला असता. ते हसू तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मागच्या सभेत ती मुद्दाम पीठाजवळ उभी राहिली होती. कवचजलाचा वास नाकात शिरला आणि ती चमकली. तो वास तिच्या बोटांना रोजच असायचा. घरी जाऊन तिने करून पाहिलं आणि तडक पोलिसांत गेली. आज शेवटच्या रांगेत साध्या कपड्यातली फौजदार बाई बसली होती.

"पुढचं कोण?" गुरूने विचारलं.

ताई वर गेली. पर्समधून तिने कापूस आणि लॅबमधली बाटली काढली.

"महाराज, आज कवच मी देते."

कुणी अडवायच्या आत तिने औषधवाल्या बाईचा लिफाफा उचलून पुसला आणि दिव्यासमोर धरला. कागद काचेसारखा झाला.

"पहिला शब्द, टायगर. दुसरा, रिव्हर. पुढचे वाचू?"

"नको! वाचू नकोस!" औषधवाली बाई व्यासपीठाकडे धावली.

"घाबरू नका. मिनिटभरात वाळेल, डागही राहणार नाही. हे स्पिरिट आहे. सुई टोचण्याआधी दंडाला लावतात ते. याने शाई फुटते म्हणून पेन्सिल, आणि जास्त घड्यांतून वाचता येत नाही म्हणून घडी एकच."

गुरू ओरडला, "हिच्या अंगात दुष्ट लहरी आहेत!"

"आणि तुझ्या पीठात काय आहे रे?" ताईने काच उचकटली. खाली दिवा आणि मोबाइल. मोबाइलमध्ये पुसलेल्या प्रत्येक लिफाफ्याचा फोटो. गुरूने दाराकडे धाव घेतली. दारात फौजदार बाई उभी होती.

"थांबा," ताईने गुरूपुढे माइक धरला. "माझ्या भावाला जे म्हणालास, ते आता मागे घे. याच लोकांसमोर."

गुरूने इकडेतिकडे पाहिलं. एकही चेहरा त्याच्या बाजूचा नव्हता.

"त्याच्या... मनात पाप नव्हतं," तो पुटपुटला.

"मोठ्याने! आणि चोर कोण?"

"मी."

भावाने मान वर केली. ताईच्या पोटात महिनोन्‌महिने जळत होतं ते तेव्हा कुठे थंडावलं. तिला गुरूची जराही दया आली नाही.

भावाची नाणी परत मिळाली नाहीत. गुरूने ती केव्हाच उडवली होती. पण सोमवारी भाऊ कामावर गेला. पुढे त्याने क्रिप्टोचं नवं पाकीट उघडलं, त्याचे बारा शब्द स्टीलच्या पट्टीवर अक्षरांच्या लोखंडी ठशांनी ठोकले आणि पट्टी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. फोटो नाही, फोनमध्ये नोंद नाही.

लोक अजून ताईला विचारतात, "कवच कुठलं चांगलं?" ती सांगते, "जो तुमचे शब्द मागतो तो चोर. देवाच्या नावाने मागो, नाहीतर कंपनीच्या. एवढं डोक्यात ठेवा."