जावईबापूंना सांग

खाली

भुयारी रेल्वेच्या आमच्या स्टेशनात, जिन्याखाली आईची किल्ल्या बनवायची टपरी आहे. रेल्वेला ती हटवून तिथे कॉफीचं यंत्र बसवायचंय. उद्या त्यांच्या कचेरीत सुनावणी. आईला एवढंच विचारायचं होतं: लढायचं की निघायचं. आणि विचारायला घरचा वकील होता. म्हणजे ताईचा नवरा.

भाऊजी दर फोनला "बघू" म्हणायचे. शेवटी म्हणाले, "तुम्हीच इकडे या. त्या निमित्ताने आमची वस्ती तरी बघाल."

वकिलांच्या जुन्या वस्तीचं स्टेशन आलं हे पाटी न वाचताही कळतं. डब्यातली माणसं उठण्याआधी कोट झटकतात आणि चेहरा बंद करतात. फलाटाच्या भिंतीवर तराजूची चित्रं आहेत. दोन्ही पारडी अगदी समान, कारण दोन्हींत काहीच नाही.

सरकता जिना बंद होता. आई गुडघ्यावर हात ठेवत चढली.

"न्याय उंचावर असतो," मी म्हणाले.

"आणि जिना बंद असतो," आई म्हणाली.

वर

भाऊजी काळ्या झग्यात उभे. भर उन्हात. त्या दिवशी त्यांचं कोर्टात काही काम नव्हतं. (हे वाक्य वगळावे. नको, राहू द्या.)

त्यांनी कारंजं दाखवलं. मग दिवे दाखवले, जे पूर्वी गॅसवर चालायचे. मग दाराच्या चौकटीवर रंगवलेली वकिलांची नावं, सर्वात ज्येष्ठ सर्वात वर. भाऊजींचं नाव खाली, जिथे फरशी पुसताना ओला बोळा लागतो. आडनाव निम्मं पुसलं गेलं होतं.

"ही पायरी बघा, आई. पिढ्यान् पिढ्या वकिलांच्या बुटांनी झिजलीय."

"वकील तर आत बसलेले असतात," आई म्हणाली. "झिजवली ती आमच्यासारख्यांनी."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही पायरी मधोमध बशीसारखी खोल गेली होती. जगात शहाणे किती, ते यावरून समजा.

आम्ही बाकावर बसलो. आईने विषय काढला, "जावईबापू, ते उद्याचं..."

भाऊजींनी हात वर केला. "आई, इथे पक्षकाराशी खटल्याबद्दल थेट बोलत नाहीत. जुनी प्रथा आहे. मधे माणूस लागतो."

"कोण माणूस?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या बाकावर त्यांचे मोठे साहेब सँडविच खात होते. प्रथा त्यांच्यासाठी होती.

बाक

आई (मला): सांग त्यांना, उद्या काय बोलायचं ते सांगा.

मी (भाऊजींना): उद्या काय बोलायचं?

भाऊजी (मला): प्रकरण गुंतागुंतीचं आहे.

मी (आईला): त्यांना माहीत नाही.

भाऊजी (मला): असं मी म्हणालो नाही.

आई (मला): सांग त्यांना, लग्नाआधी ताईला बघायला त्याच टपरीशी येऊन उभे राहायचे. एकाच कुलपाच्या किल्ल्या पुन्हा पुन्हा करून न्यायचे. सगळ्या इमारतीला पुरल्या असत्या.

मी (भाऊजींना): ऐकलंत ना?

भाऊजी (कारंज्याला): याचा प्रकरणाशी संबंध नाही.

(साहेब कागदाने ओठ पुसतात. भाऊजी झगा सावरतात.)

भाऊजी (माझ्या कानात): सांग त्यांना, सोडा जागा. रेल्वेशी कोण भांडणार? शिवाय साहेबांकडे रेल्वेची कामं येतात. माझंही बघायला हवं ना.

आईचे कान तिखट आहेत. गर्दीत जिन्यावर किल्ली पडली तर कितव्या पायरीवर थांबली ते सांगते. ती तर हाताच्या अंतरावर बसली होती.

मी (आईला): भाऊजी म्हणतात, लढा. जागेवरून हलू नका.

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. पर्स मांडीवर सरळ केली.

आई (मला, पण दोन्ही बाकांना ऐकू जाईल असं): सांग त्यांना, बरं. उद्या कचेरीत सांगेन, आमच्या वकील जावयांनी हलू नका म्हणून सांगितलंय. नावही सांगेन. आताच दारावर वाचलं. जेवढं उरलंय तेवढं.

साहेबांनी सँडविच खाली ठेवलं.

भाऊजी आईकडे वळले. तोंड उघडलं. साहेब बघत होते. तोंड मिटलं. माझ्याकडे वळले.

भाऊजी (मला): सांग त्यांना, की मी...

"भाऊजी," मी उठले, "मधल्या माणसाची गाडी आहे."

पुन्हा खाली

उतरताना सरकता जिना सुरू झाला होता. फलाटावर आई बराच वेळ त्या रिकाम्या पारड्यांकडे बघत होती.

"काय म्हणाले ते ऐकलं मी," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

"तू मला विचारलं असतंस तर मीही लढच म्हणाले असते. पण माझं नाव कुठल्या दारावर नाही."

आई हसली नाही. उद्या टपरी उघडी ठेवूनच कचेरीत जायचं, म्हणजे टपरीवर मी बसायचं आणि सुनावणीला तिने एकटीने जायचं, एवढं ठरवून टाकलं तिने.

गाडी आली. बसलो, तोच तिचा फोन थरथरायला लागला. जावईबापू. तिने फोन माझ्या हातात दिला.

"तू धर. आपल्याला थेट बोलायची प्रथा नाही."

"उचलू?"

"मी कुठे उचल म्हणाले? धर म्हणाले."