क्रेनवाल्याने सोडलेली गोळी

बावन्नाव्या वर्षी क्रेनवाल्याला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. चारेक महिन्यांत त्याच्या लक्षात आलं, की बायकोजवळ गेल्यावर शरीर साथ देत नाही. दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा नको म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला. "इथे वारा बरा लागतो," म्हणाला.

दोष गोळीचाच, असं मनाशी धरून त्याने कुणालाही न विचारता ती सोडली.

दीड महिन्याने कारखान्यात वार्षिक तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा दोनदा बांधून पाहिला. "एकशे ऐंशीच्या वर आहे. आता क्रेनवर चढायचं नाही." दिवसभर तो खाली बसून दुसऱ्याच्या हातातली आपली क्रेन बघत राहिला.

घरी बायको शर्टाला काजं करत होती. तिला सगळं सांगणं भाग पडलं.

तिने सुई खाली ठेवली. "आणि मी समजत होते, मीच नकोशी झालेय. केस पिकले, अंग सुटलं..."

"अगं, तुझा काय संबंध?"

"ते मला कसं कळणार? तुम्ही मूग गिळून बसलेले."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेली. टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत तो बोलला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"गोळीमुळे असेल किंवा रक्तदाबामुळेच असेल. त्याने रक्तवाहिन्या खराब होतात. गोळी बदलून बघू, पण मनाने सोडायची नाही. सिगारेट किती?"

"सहा."

"तिचाही हात असतो यात. साखर आणि हृदय तपासू, दाब आटोक्यात आणू, मग लागलं तर या त्रासावर वेगळी गोळी देईन. दुकानातून परस्पर आणू नका. छातीत दुखण्यावरच्या काही औषधांबरोबर ती घेतली, तर दाब एकदम कोसळतो."

तीन महिन्यांनी तो पुन्हा क्रेनवर चढला. सिगारेट दोनवर आली, पुरती सुटली नाही. बाकीचं कधी जमे, कधी नाही.

एका रविवारी दुपारी जमलं नाही, तसा तो उठून बाहेर निघाला. बायकोने मनगट धरलं.

"चाललात कुठे? गाडी चुकली म्हणून कुणी स्टेशन सोडून पळतं का?"

त्याला हसू आलं. तो परत आडवा झाला. मग तिने विचारलं, क्रेनवरून आम्ही माणसं केवढी दिसतो हो? तो बोटांनी माप दाखवत सांगू लागला.