पिल्लावालीचा मान

केशरबाईचा ब्रोच मला आवडत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं तर आवडायचा. फार आवडायचा, तेच तर दुखणं होतं.

तिसगावात आम्ही दोघी एकाच साली सुना होऊन आलो, घराला घर लागून. तिचे वडील नगरच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या बागेत माळी होते. ऑस्ट्रेलियात सोनं निघालं म्हणून लोक फावडी घेऊन तिकडं धावले, त्यात त्या साहेबाचा आजाही होता. त्यानं तिथल्याच सोन्याचा हा ब्रोच बायकोसाठी घडवून घेतला. केशरच्या आईनं साहेबाच्या मडमेचं बाळंतपण निस्तरलं होतं, म्हणून देश सोडताना मडमेनं तो तिला दिला. सत्तर साली आई वारली आणि तो केशरकडं आला.

दोन वाकड्या फांद्या, एका बाजूला लांब मानेचा पक्षी आणि त्याच्यासमोर मागच्या पायांवर उभं राहिलेलं जनावर. तोंड हरणाचं, शेपूट घोरपडीसारखं जाड, पोटाला पिशवी आणि पिशवीतून डोकावणारं पिल्लू. शाळेतले गहिनीनाथ गुरुजी म्हणाले, हा कांगारू. बायकांनी ऐकून घेतलं आणि नाव ठेवलं पिल्लावाली.

छबूबाईच्या सुनेचे दोन गर्भ पडले होते. तिसऱ्या खेपेला तिनं डोहाळजेवणात पिल्लावाली पदराला लावली आणि तिला धडधाकट पोरगा झाला. मग काय, गावातल्या प्रत्येक डोहाळजेवणाला पिल्लावाली हवी. आणि ती हवी तर केशरही हवी, कारण ती ब्रोच कुणाच्या हाती देत नसे. स्वतः येऊन लावायची.

यात माझं काय गेलं? सांगते. तोवर डोहाळजेवण म्हटलं की पहिलं बोलावणं मला. फुलांचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा सगळं मी गुंफायची. "बनूबाईचा हात लागला की पोरगी राणी दिसती," असं बायका म्हणायच्या. बहात्तरचा दुष्काळ आला आणि शेवंती सोडाच, झेंडूही दिसेना. सोन्याला काय, पाणी लागत नाही.

केशरला मूल नव्हतं. अशा बाईला डोहाळजेवणाला कोण बोलावतं? वीस वर्षं कुणी बोलावलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आता ती पाटावरच्या पोरीच्या शेजारी बसायची आणि मी मागं, भिंतीला टेकून. तिला तरी कुठं गुण आला त्या पिल्लावालीचा, असं मी एकदोघींजवळ बोललेही. बोलून बरं वाटलं, हे कबूल करते.

त्र्याहत्तरच्या माघात माझी लंका सातव्या महिन्यात माहेरी आली. आल्या आल्या म्हणाली, "आई, फुलं न्हाईत तर न्हाईत. मला पिल्लावाली लावायची हाय."

मी दोन दिवस ऐकलंच नाही असं केलं. तिसऱ्या दिवशी गेले.

"केशर, ब्रोच पायजे हुता."

"अगं, मागती काय? मी येतेच की. कवा हाय?"

"तू नगं येऊस. लंकीची सासू जामखेडची, जुन्या वळणाची. तिला चालायचं न्हाई."

लंकाच्या सासूला, दगडाबाईंना, मी काही विचारलंच नव्हतं.

केशर उठली. मग डब्यातून फडक्यात गुंडाळलेला ब्रोच काढून माझ्या हातावर ठेवला. "जप," एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

डोहाळजेवणाच्या दिवशी लंका हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. मी मोठ्या ऐटीत ब्रोच काढला. पिन उघडेना. उघडली तर परत बसेना. लावला की खाली. दगडाबाईंनी करून पाहिलं, शेजारणींनी पाहिलं.

"आई गं! टोचलं की!" लंका ओरडली.

"इहीनबाई, ज्यांचा हाय त्यांना बोलवा की," दगडाबाई म्हणाल्या.

"त्यांना मूलबाळ न्हाई," मी हळूच म्हणाले.

"मग? पिन लावायला बोलावताय का बाळंत व्हायला?"

बायका खो खो हसल्या. लंका हसली नाही. "आई, तू मावशीला बोलावलंच न्हाईस?"

मी उठले. केशर ओसरीत रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत होती. केसांना तेल, अंगावर ठेवणीतलं लुगडं. मिलो निवडायला कुणी ठेवणीतलं लुगडं नेसत नाही.

"दगडाबाई काय म्हनल्या नव्हत्या," मी म्हणाले. "ते माझंच हुतं."

"ठावं हाय."

"मग दिलास कशाला?"

"लंकीसाठी. तुझ्यासाठी व्हय?" सूप बाजूला सारून ती उठली. "चल. आन् डोळं पूस, पाव्हण्या बसल्यात."

तिनं पिन अर्धी उलटी फिरवली आणि ती टचकन बसली. मग मी सगळ्यांदेखत तिच्या हाती नारळ दिला. ओटी भर म्हणाले. एकदोघींनी एकमेकींकडं पाहिलं, पण दगडाबाईंनी तांदळाचं ताट तिच्यापुढं सरकवलं. केशरनं ओटी भरली. काहीतरी मोठं केल्यासारखं मला वाटत होतं.

तेवढ्यात लंका म्हणाली, "मावशी, लाथ मारतंय बघ." आणि केशरचा हात ओढून तिनं पोटावर ठेवला.

केशरनं डोळे मिटले. बायकांनी गाणं धरलं. मीही धरलं, पण माझी नजर त्या हातावरून हलेना. पोरीला येऊन आठ दिवस झाले होते. मला ती एकदाही 'बघ' म्हणाली नव्हती.