ओरेस्टच्या बापाची मोटार

लेस्या पाळण्यात झोपत नसे, मांडीवर झोपत नसे, गाडीत तर मुळीच नाही. ती झोपायची फक्त टेसाच्या पाठीवर, आणि तेही धातू शोधायच्या यंत्राच्या ‘टूंऽऽ’वर. इतर आया अंगाई म्हणत, टेसा यंत्र फिरवी. यंत्र नवऱ्याचं. तो पोटॅशच्या खाणीत पाळीवर जायचा, आणि त्याला आजवर त्यातून बियरच्या डब्यांपलीकडे काही सापडलं नव्हतं.

पण या वसंतात टेसाला त्या यंत्राकडून पोरीच्या झोपेशिवाय आणखी एक गोष्ट हवी होती. सासऱ्याची अब्रू.

त्याचं असं झालं. गावाच्या शंभरीनिमित्त सभागृहाच्या भिंतीवर मोठं चित्र काढायचं ठरलं, आणि चित्राच्या मधोमध ‘गावातली पहिली मोटार’. ओरेस्टदिदोंनी, म्हणजे लेस्याच्या आजोबांनी, टेसाच्या सासऱ्यांनी, लगेच छाती पुढे काढली. पहिली मोटार त्यांच्या वडिलांची. लहानपणी ईस्टरला पास्काच्या गोड पावाची आणि सॉसेजची टोपली मांडीवर घेऊन ते तिच्यातून चर्चला गेले होते. फोटो? घर जळलं तेव्हा गेला. साक्षीदार? सगळे दफनभूमीत.

“मोटार म्हणे!” शेजारचा वासिल सावचुक टेबलावर हात आपटून म्हणाला. “अरे, आमचे घोडे ओढत न्यायचे तुम्हाला चर्चला! माझा बाप मरेपर्यंत सांगत होता, तुम्हा हावरिलुकांचं सगळं खटलं मी वाहिलं म्हणून.”

हे भांडण दोघांच्या लग्नांपेक्षा जुनं होतं. को-ऑपच्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर ते रोज सकाळी साखरेसारखं ढवळलं जाई. पण आता शंभरीच्या समितीनं सांगून टाकलं होतं: रविवारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर मधोमध गाय काढू.

दिदो त्या दिवशी घरी आले. जेवणात बटाट्याच्या उकडलेल्या पिरोगी होत्या, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतल्या नाहीत. एवढंच म्हणाले, “माझ्या बापानं आयुष्यात एकच गोष्ट मिरवली गं. तीसुद्धा खोटी ठरणार.”

टेसानं दुसऱ्या दिवशी लेस्याला पाठीवर बांधलं आणि शेताच्या कडेला झुडपांच्या रांगेमागचा खळगा गाठला. मोडकं सामान तिथं लोटून द्यायची इथल्या शेतांवर जुनीच रीत. यंत्र असं काही कोकलायला लागलं की लेस्या घोरूच लागली.

पुढच्या सकाळी टेसानं गंजलेला ऐवज कॉफीच्या टेबलावर मांडला. एक गोल टोपण, एक वाकडी मूठ, एक कडं.

टेबलावर जुन्या वस्तू ओळखण्यात पटू म्हणजे इंगवार. आयुष्य दुधाच्या धंद्यात गेलेलं. त्यांनी टोपण उजेडात धरलं, नखानं टोकरलं आणि निकाल दिला. “साय काढायच्या यंत्राचं.”

“आणि ही मूठ?”

“सायीच्याच यंत्राची.”

“हे कडं तर हेडलाइटचं आहे, इंगवारकाका!”

“हं. मोठं यंत्र दिसतंय.”

“हेडलाइट लावून साय काढायचे?”

“जानेवारीत लवकर अंधार पडतो, पोरी.”

वासिलनं चष्मा पुसला. “दिवा ट्रॅक्टरलाही असतो. मूठ चुलीच्या दाराची. चल, पुढचं दाखव.”

पुढचं रोज येत गेलं. व्हील कॅप आली. इंगवार म्हणाले, सायीच्या यंत्राचं झाकण. गिअरचा दांडा आला, यंत्राची कळ. मग शनिवारी लोखंडी आऱ्यांचं अख्खं स्टिअरिंग आलं, तेव्हा इंगवारनी ते बराच वेळ इकडून तिकडे फिरवलं आणि जड मनानं मान्य केलं, “हे यंत्र रस्त्यानंही जात असावं.”

दिदो इतके हसले की त्यांना ठसका लागला. वासिल मात्र हटेना. “स्टिअरिंग कुणीही कुठूनही आणून टाकेल. गाडी दाखव, गाडी!”

म्हणून दुपारी दिदो स्वतः फावडं घेऊन खळग्यात उतरले. यंत्र लांबच लांब ओरडलं. खणता खणता पुढच्या चाकांचा आस उघडा पडला, आणि दिदोंचा हात थांबला.

आसाच्या मधोमध मोठा आकडा जोडलेला होता, बैलगाडीला पुढे दांडी असते तशी दांडी अडकवायला. आकड्यापाशी चामड्याच्या सडक्या पट्ट्याला एक बदामाच्या आकाराची पितळी चकती.

“घोड्यांच्या साजावरची,” दिदो हळूच म्हणाले. “पुरून टाक परत.”

“का?”

“मला आठवतं ना. पुढच्या काचेतून दोन शेपट्या दिसायच्या. मी समजायचो, स्वप्न असेल.” ते मातीच्या ढिगावर बसले. “दुष्काळात पेट्रोल कुणाला परवडत होतं? इंजिन काढलं असणार आणि जुंपले असणार घोडे. म्हणजे वासिल खरा.”

टेसानं चकती लेस्याच्या लाळेऱ्याला पुसली. “दिदो, घोडे कुणाचे का असेनात. ज्या गाडीला पुढची काच आहे ती मोटारच, आणि ती तुमचीच ना? चला, उद्या नेऊ.”

“तो गावभर हसेल.”

“हसू दे. गाय काढण्यापेक्षा बरं.”

रविवारी चर्च सुटल्यावर सभागृहात आकड्यासकट आस मांडला गेला. वासिल बघताक्षणी ओरडलाच, “ओट खाणारी मोटार! टाकी भरायची की तोबरा बांधायचा?” सगळे हसले. दिदो कॉलरच्या बटणाशी चाळा करत खाली बघत राहिले. मग टेसानं चकती टेबलावर ठेवली आणि वासिलचं हसू मध्येच अडकलं.

त्यानं चकती उचलली. बदामाच्या पोटात कोरलेल्या चांदणीवरून अंगठा फिरवला. “हिची जोड माझ्या स्वयंपाकघरात चुलीवर टांगलेली आहे,” तो म्हणाला. “आई जाईपर्यंत दुसरी शोधत होती. घोड्यांची जोडी तिच्या माहेरची.”

 मग इंगवारनी घसा साफ केला. “म्हणजे मोटार याच्या बापाची आणि घोडे त्याच्या बापाचे. एकटा कुणीच चर्चला पोचला नसता.”

दिदोंनी मान वर केली. “वासिल, तुम्हीही आत बसायचात का रे?”

“मग! मागच्या सीटवर. मला ती घोडागाडीच वाटायची. तुझ्या मांडीवरची टोपली माझ्या पायाला टेकायची.” वासिलनं नाक ओढलं. “तिच्यातलं सॉसेज मी खाल्लं होतं एकदा.”

“तू होतास होय तो! मार मी खाल्ला!”

समितीनं सुटकेचा श्वास टाकला. चित्रात मोटार येईल, पुढे दोन घोडे येतील आणि पुढच्या सीटवर दोन्ही बाप. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात समितीच्या बाईंनी सहज विचारलं, “पण चालवतंय कोण, म्हणून दाखवायचं?”

“माझे वडील. स्टिअरिंग त्यांच्या हातात,” दिदो म्हणाले.

“लगाम माझ्या बापाच्या हातात! लगाम धरणाराच चालवतो.”

“मग वळवायचं कोण?”

“घोड्यांना रस्ता ठाऊक असतो!”

“आणि उतारावर? मोटार घोड्यांच्या अंगावर गेली असती! ब्रेक कुणी दाबले?”

आवाज चढले. पाठीवर लेस्यानं डोळे उघडले आणि ओठ काढला. टेसा यंत्र घेऊन मागच्या मैदानावर आली, बटण दाबलं. ‘टूंऽऽ’. पोरीचं डोकं हळूहळू तिच्या मानेवर कलंडलं, कोमट, जड.

मागून खिडकी उघडली. दिदो आणि वासिल दोघांची डोकी एकाच वेळी बाहेर आली.

“टेसा! त्या खळग्यात ब्रेकचं पेडल मिळतं का बघ, कुठल्या बाजूला होतं ते कळेल!”

त्यांच्या मधून इंगवारनी मान घातली. “मिळालं तर आधी मला दाखव गं. सायीच्या यंत्रालाही पेडल असतं.”